ख्रिस्तपुराण व साष्टीची ख्रिस्ती मंडळी

फादर थॉमस स्टीफन्स याच्या ख्रिस्तपुराणाचा विचार आजवर बहुधा भाषेच्या दृष्टीनें झालेला आहे. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांतील चार-दोन ओव्या पाठ्यपुस्तकांतून मुलांच्या तोंडीं बसल्या. एका इंग्रजानें आपल्या भाषेस एवढा मान द्यावा याचें आपणांस कौतुक वाटलें. आणि ग्रंथाची गोष्ट बहुतेकांच्या लेखीं तेथेंच संपली. परंतु हा ग्रंथ ज्यांच्यासाठीं रचला गेला ते लोक कोण होते, त्यांस त्याची गरज कां पडली, त्यांनीं तो कसा ऐकला, आणि छापील प्रती नाहींशा झाल्यावर तो कसा जतन केला, हे प्रश्न केवळ वाङ्मयाचे नसून समाजेतिहासाचे आहेत. त्यांचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

साष्टी हें नांव आपल्याकडे दोन ठिकाणांस आहे. ठाण्याची साष्टी महाराष्ट्रांतील वाचकांस परिचयाची. येथें अभिप्रेत आहे ती गोव्यांतील, जुवारी नदीच्या दक्षिणेची, परंपरेनें सहासष्ट गांवांची साष्टी. गोवें शहर व तिसवाडी १५१० त पोर्तुगीजांच्या हातीं गेलीं, पण साष्टी व बारदेश हे प्रांत त्यांस १५४३ त मिळाले. पुढें धर्मकार्याची वांटणी होऊन बारदेश फ्रान्सिस्कनांकडे व साष्टी जेझुइटांकडे आली. १५६६-६७ च्या सुमारास साष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं. कित्येक कुटुंबें आपले देव घेऊन नदीपार, आदिलशाही मुलखांत, आजच्या फोंडें महालांत गेलीं. कुशस्थळीचा मंगेश व केळशीची शांतादुर्गा हीं दैवतें याच धामधुमींत पलीकडे नेलीं गेलीं. मागें जे राहिले त्यांतील पुष्कळांनीं बाप्तिस्मा घेतला. कोणी भीतीनें, कोणी गांवकीचे हक्क व वतनें राखण्यासाठीं, कोणी मनापासून. प्रमाण ठरविण्यास आज साधन नाहीं, पण राजसत्तेचा दाब या साऱ्याच्या पाठीशीं होता हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. १५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळी येथें रुदोल्फो आक्वाविवा याच्यासह पांच जेझुइट मारले गेले, आणि त्याचा सूड म्हणून गांवच्या प्रमुखांस असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून ठार करण्यांत आलें. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्याखेरीज साष्टीच्या त्या पिढीचें मन कळावयाचें नाहीं.

स्टीफन्स हा या प्रकरणाच्या चार वर्षें आधीं, २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं, गोव्यास पोंचला. त्याचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत झाला. त्या काळीं इंग्लंडांत कॅथलिक पंथीयांवर राजाज्ञेचा दाब होता, आणि स्वतः स्टीफन्स तो चुकवूनच रोमला गेला होता. राजाच्या हुकमानें लोकांचा धर्म कसा पालटतो हें त्यानें स्वदेशीं पाहिलें होतें. साष्टींत तोच खेळ उलट्या बाजूनें चाललेला पाहतांना त्याला काय वाटलें असेल, तें त्यानें लिहून ठेवलें नाहीं. १५८३ त भावास लिहिलेल्या पत्रांत मात्र तो येथील भाषांची रचना लॅटिन व ग्रीक यांच्या रचनेशीं जुळते असें सांगतो. भाषाशास्त्राच्या इतिहासांत या एका वाक्याचें मोल मोठें आहे. आम्हांस त्याचें महत्त्व निराळ्या कारणास्तव वाटतें: कुंकळ्ळीचें रक्त सुकलेंही नव्हतें त्या वर्षीं हा मनुष्य गांवकऱ्यांच्या बोलण्याकडे कान देऊन बसला होता.

आतां नवख्रिस्ती कुटुंबाची स्थिति पाहूं. बाप्तिस्मा हा एका दिवसाचा विधि. त्यानंतरचे दिवस मात्र आयुष्यभराचे. ज्या घरांत पूर्वी सायंकाळीं देवळाच्या सभामंडपांत पुराण ऐकण्याची, दळतांना-कांडतांना ओव्या म्हणण्याची, पर्वकाळीं हरिकथेस बसण्याची रीत होती, त्या घरांतून त्या साऱ्याची उचलबांगडी झाली. १५६७ च्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेनें जुन्या धर्माचे ग्रंथ व पुराणकथन यांवर बंधनें घातलीं. त्या जागीं आलें काय? लॅटिनमधील मिस्सा, जिचा एक शब्दही कळत नसे. घंटा वाजली म्हणजे मुलांस जमवून घोकविण्यांत येणारा धर्मपाठ, ज्यास गोव्यांतील ख्रिस्ती लोक दोतोर्न म्हणतात. आणि पोर्तुगीज पाद्र्याचें दुभाष्यामार्फत चालणारें प्रवचन. विधि होता, शिस्त होती, मिरवणुका व सण तर पुष्कळच होते. नव्हतें तें एवढेंच, कीं ज्यावर घरीं येऊन दोन गोष्टी बोलाव्या असें कांहीं कानांवर पडणें.

पाद्र्यांस मराठी पोथ्या ठाऊक नव्हत्या असें नव्हे. १५५९ च्या सुमाराच्या जेझुइट पत्रव्यवहारांत दिवाडीच्या एका नवख्रिस्ती ब्राह्मणाची हकीकत आहे. त्यानें एका पंडिताच्या घरांतून मराठी पोथ्या उचलून आणून पाद्र्यांच्या स्वाधीन केल्या, व त्यांचीं भाषांतरें करविण्यांत आलीं. हेतु अर्थातच खंडनाचा होता. चोरून आणलेल्या पोथीवरून वाद घालतां येतो. तीवरून मंडळी उभी राहत नाहीं. पोर्तुगालांत ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयांत रामायण-भारतांतील कथांचीं रोमन लिपींत लिहिलेलीं कोकणी-मराठी बाडें आहेत, त्यांवरूनही शिकण्याचा हा उद्योग बराच काळ चालल्याचें दिसतें. परंतु शिकलेलें परत श्रोत्यांस देण्याचें काम स्टीफन्सनें केलें.

ग्रंथाच्या आरंभींच त्यानें तें कां केलें याची कथा आहे. रविवारची तिसऱ्या प्रहरची वेळ. साष्टींत मुलांचा धर्मपाठ चालला आहे. तेव्हां श्रोत्यांतील एक नवख्रिस्ती ब्राह्मण पुढें होऊन पाद्रीगुरूस विचारतो, कीं आमचीं पूर्वीचीं पुराणें तुम्हीं वर्ज्य केलीं, तर त्यांसारखें दुसरें कांहीं तुम्ही आम्हांस कां देत नाहीं? तें मिळाल्यास आम्ही आमचा रिकामा वेळ त्यांत घालवूं. गुरु ही मागणी योग्य मानतो आणि पुराण सांगण्यास बसतो. पुढेंही जागोजाग श्रोता शंका काढतो, गुरु समाधान करितो, आणि कथा पुढें चालते.

हा प्रसंग खरोखर घडला कीं कवीनें रचिला? श्रोता-वक्ता संवादाची मांडणी आपल्याकडील पुराणग्रंथांत सर्वत्र आहे, आणि स्टीफन्सनें ती जाणूनबुजून उचलली यांत शंका नाहीं. तेवढ्यावरून कित्येक अभ्यासक प्रश्नकर्त्या ब्राह्मणास निव्वळ काव्यांतलें पात्र ठरवितात. आम्हांस तें मान्य नाहीं. मांडणी उसनी असली तरी मागणीतली बोच उसनी नाहीं. धर्मप्रसारार्थ लिहिलेल्या ग्रंथाच्या पहिल्याच पानीं, आम्हीं या लोकांपासून कांहीं काढून घेतलें आणि त्याबद्दल कांहीं दिलें नाहीं, अशी कबुली परीक्षकांच्या नजरेखालून जाऊं द्यावयाची, ही गोष्ट कवि उगाच करीत नाहीं. तो प्रश्न एकानें एका रविवारीं विचारला असो वा अनेकांनीं अनेक वर्षें विचारला असो, तो साष्टींत विचारला जात होता. त्यांतील भाव बंडाचा नव्हे, आणि निमूट शरणागतीचाही नव्हे. विचारणारा मंडळींत आहे, तेथेंच राहणार आहे, आणि म्हणूनच हक्कानें मागत आहे. बळानें जमविलेल्या समूहाची मंडळी होण्यास आरंभ होतो तो येथें.

ग्रंथ १६१६ त रायतूर येथें छापून निघाला. मूळ पोर्तुगीज नांवांत पुराण हा शब्द नव्हता. येशू ख्रिस्ताच्या जगांतील आगमनावरील प्रवचन, अशा अर्थाचें तें नांव होतें. पण आंतील दोन भागांस पहिलें पुराण व दुसरें पुराण अशींच नांवें आहेत आणि लोकांच्या तोंडीं तेंच राहिलें. पहिल्यांत जगदुत्पत्तीपासून ख्रिस्तपूर्व काळाची कथा ३६ अवस्वरूंत व ४,२९६ ओव्यांत येते. दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र ५९ अवस्वरूंत व ६,६६६ ओव्यांत. एकूण १०,९६२ ओव्या. एकनाथ १५९९ त निवर्तले, म्हणजे स्टीफन्स हा त्यांचा धाकटा समकालीन. आणि त्याची ओवी त्याच घराण्यांतील आहे. स्वर्गास तो वैकुंठ म्हणतो, तारणास मुक्ति म्हणतो; मात्र संस्कारांचीं व पवित्र आत्म्याचीं नांवें पोर्तुगीज-लॅटिन वळणाचींच ठेवितो. कोणता शब्द आपला चालेल व कोणता चालणार नाहीं याचा हा हिशेब त्यानें बारकाईनें केलेला आहे, आणि त्यांत जुन्या धर्माशीं गल्लत होण्याची धास्ती व लोकांस परकें न वाटावें ही आंच, दोन्ही दिसतात.

प्रस्तावना गद्यांत आहे, व ती मंडळीच्या इतिहासास ओव्यांहून अधिक उपयोगी आहे. ग्रंथ मराठींत कां, याचें कारण तो देतो: या देशींच्या भाषांत देवाच्या गोष्टी सांगण्यास हीच योग्य दिसली. पण शुद्ध मराठी मध्यम प्रतीच्या लोकांस कळत नाहीं, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाकून, चालू कवींच्या रीतीनें ब्राह्मणांच्या बोलींतले सोपे शब्द ठिकठिकाणीं मिसळून कवित्व सोपें केलें, असें तो सांगतो. म्हणजे ग्रंथाची भाषा मराठी, आणि तींत साष्टीच्या बोलण्याची, आजच्या कोकणीची, भर. मराठी-कोकणीच्या वादांत दोन्ही पक्षांनीं या वाक्याची पुष्कळ ओढाताण केलेली आहे. आम्हांस त्यांत वादापेक्षां एक साधी गोष्ट दिसते. हा मनुष्य पंडितांसाठीं लिहीत नव्हता. मागच्या बाकावर बसणाऱ्यास कळलें पाहिजे अशी त्याची प्रतिज्ञा होती.

लिपीच्या बाबतींत मात्र त्याची इच्छा पुरी झाली नाहीं. १६०८ त रोममधील आपल्या संघाच्या मुख्यास पाठविलेल्या पत्रांत त्यानें येथील लिपीचे खिळे पाडून छापखाना घालण्याची परवानगी मागितली होती. भारतांतला पहिला छापखाना गोव्यांतच १५५६ त आला, पण नागरी अक्षरांचे खिळे तेथें कधीं पडले नाहींत. जोडाक्षरांच्या संख्येमुळें तें काम अवघड व खर्चाचें होतें. पुराण रोमन लिपींत छापावें लागलें. याचा परिणाम दुहेरी झाला. चर्चच्या शाळांत रोमन अक्षरें शिकलेल्या मुलांस तें वाचतां येऊं लागलें, आणि नदीपलीकडच्या हिंदूंपासून, तसेंच उभ्या महाराष्ट्रापासून, तें पुढील तीन शतकें दडून राहिलें. एकनाथी भागवत व ख्रिस्तपुराण एकाच युगाचीं. पण एकाच्या वाचकास दुसऱ्याचा थांगपत्ता नव्हता.

वाचनाची रीत अशी, कीं रविवारीं व सणाच्या दिवशीं मंडळी जमली म्हणजे पुराणाचा कांहीं भाग मोठ्यानें गाऊन वाचावा. ही नेमकी जुन्या पुराणिकाची जागा. ज्यांस अक्षर येत नसे त्यांसही कथा येऊं लागली. पहिल्या छपाईनंतर १६४९ त व १६५४ त, अशा आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. ३८ वर्षांत दहा हजार ओव्यांचा ग्रंथ तीनदां छापावा लागणें याला त्या काळच्या गोव्यांत दुसरें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. स्टीफन्स १६१९ त वारला. त्याचा धर्मपाठ १६२२ त व कोकणीचें व्याकरण १६४० त त्याच्या पश्चात् छापलें गेलें. एत्येन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटानें १६२९ त सेंट पीटरच्या चरित्रावर असाच ओवीबद्ध ग्रंथ काढला. विद्वत्तेंत तो उणा नाहीं. पण लोकांनीं कंठीं धरिलें तें स्टीफन्सला. आमच्या मतें याचें कारण असें, कीं क्रुवा सिद्धान्त पटविण्यासाठीं लिहितो, आणि स्टीफन्स ज्यांस पटलें आहे पण निभावून नेणें कठीण जात आहे त्यांस धीर देण्यासाठीं लिहितो. त्याच्या कथेंत यात्रा, लग्न, दुष्काळ, भाऊबंदकी, आईचा शोक हीं ठिकाणें आलीं कीं ओवी संथ होते व रेंगाळते. साष्टीच्या बाईनें आपल्या घरांत पाहिलेलें असें तें काय तें असे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस वारें फिरलें. २७ जून १६८४ रोजीं विजरई कोंदि द आल्व्होर यानें हुकूम काढिला, कीं लोकांनीं तीन वर्षांच्या आंत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलूं लागावें. १७३६ त इन्क्विझिशननें नवख्रिस्ती समाजांतील हिंदु चालीरीतींवर लांबलचक बंदीपत्र काढिलें; तें वाचतांना हंसूं व खेद दोन्ही येतात. लग्नांतील हळद, विडा, फुलें, मिठावांचून शिजविलेला भात, तुळस, धोतर, चोळी यांची त्यांत झडती आहे, आणि लग्नांत गाइल्या जाणाऱ्या ओव्यांचीही. या ओव्या पुराणाच्या नव्हत. त्या बायकांच्या लग्नगीतांच्या. तरीही राजसत्ता व धर्मसत्ता यांनीं दोनशें वर्षें प्रयत्न केल्यावर घराघरांत ओवी जिवंत होती, याचें इतकें सबळ प्रमाण इन्क्विझिशनवांचून दुसऱ्या कोणीं आपणांस दिलें नसतें. १७४५ त आर्चबिशप लोरेंसु द सांता मारिया यानें तर पोर्तुगीज येत नसेल त्यांच्या लग्नासही हरकत घेतली. आणि १७५९ त जेझुइटांचीच पोर्तुगीज राज्यांतून हकालपट्टी झाली. ज्यांनीं पुराण दिलें ते गेले, ज्या भाषेंत दिलें ती अपमानित झाली. तिन्ही छपायांची एकही प्रत आजवर कोठें मिळाल्याचें ज्ञात नाहीं.

असें असतां ग्रंथ उरला कसा? लोकांनीं तो हातानें उतरून काढिला म्हणून. वरून आज्ञा नव्हती, छापखाना नव्हता, मोबदला नव्हता. उलट भाषेवर रोष होता. सोळाव्या शतकापासून अनेक कारणांनीं, करांचा बोजा, रोगराई, इन्क्विझिशन, पुढें मराठ्यांच्या स्वाऱ्या, गोव्यांतील ख्रिस्ती कुटुंबें दक्षिणेस कानडा मुलखांत जाऊन वसलीं. त्यांनीं पुराणाच्या वह्या बरोबर नेल्या. १७८४ त टिपूनें मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांस पकडून श्रीरंगपट्टणास नेलें. १७९९ त पट्टण पडेपर्यंत, पंधरा वर्षें, ते तेथें होते. चर्च पाडलेलीं, पाद्री घालवून दिलेले. त्या बंदिवासांत या पुराणाच्या पठनानें लोकांचा धीर टिकला अशी त्यांच्यांत परंपरा आहे. परंपरा म्हणजे लेखी पुरावा नव्हे, हें आम्ही जाणतों. पण परत आलेल्यांच्या वंशजांच्या घरीं पुढें शंभर वर्षांनीं पुराणाच्या हस्तलिखित प्रती सांपडल्या, हा पुरावा लेखीच आहे.

गोव्यांतील ख्रिस्ती घरांत सायंकाळची घंटा झाली म्हणजे सारीं मिळून तेर्स म्हणण्याची, व तो संपल्यावर लहानांनीं थोरांपुढें हात जोडून बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागण्याची चाल आहे. वाटेवरच्या खुरसापाशीं वाडींतील माणसें जमून लादीन म्हणतात. शब्द पोर्तुगीज, पण दिवेलागणीस थोरांच्या पायां पडण्याची व वाडीनें एकत्र बसून म्हणण्याची रीत कोठली, हें कोणासही सांगावयास नको. पुराण याच वेळेचें व याच बैठकीचें होतें. विसाव्या शतकाच्या पहिल्या कांहीं दशकांपर्यंत विशेष प्रसंगीं त्याचें गायन गोव्यांतील चर्चमधून होत असे, असें सांगतात.

येथें नगरकडील एका गोष्टीशीं तुलना करण्याचा मोह आवरत नाहीं. अमेरिकन मराठी मिशननें अहमदनगरास १८३१ त ठाणें घातलें. तेथील मंडळीपुढेंही तोच प्रश्न उभा राहिला: इंग्रजी चालीवरचीं गीतें मराठी शब्दांत म्हटलीं जात, पण तीं अंगीं लागत नसत. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तन उभें केलें, आणि १८९५ त बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनीं अभंग व भजन आणून उपासनेचें रूपच पालटलें. टिळकांनीं १९०९ त आरंभिलेलें ख्रिस्तायन अपुरें राहिलें. तें पुढें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. भेद एवढाच, कीं नगरास मागणारा व देणारा एकच होता. टिळक स्वतः मंडळींतले. साष्टींत मागणारा आपला आणि देणारा परदेशस्थ. म्हणूनच स्टीफन्सचें श्रेय मोठें, व म्हणूनच त्याच्या ग्रंथांत कोठें कोठें शिक्षकाचा आवाज चढतो, जो टिळकांच्या पदांत सहसा चढत नाहीं.

पुराणाच्या आधुनिक छपाईचा आरंभ १९०७ त झाला. मंगळूर येथें जोसेफ साल्ढाणा यांनीं हस्तलिखितें जुळवून रोमन लिपींत आवृत्ति काढिली. आज आपण जें जाणतों त्याचा पाया तीच. पुढें जस्टिन अ‍ॅबट यांनीं लंडन येथील मार्सडनच्या संग्रहांतील नागरी प्रत उजेडांत आणिली व १९२३ त तीवर लिहिलें. तींत पोर्तुगीज शब्दांच्या जागीं बरेच ठिकाणीं संस्कृत शब्द आहेत. हीच मूळ रचना, असें अ‍ॅबट यांचें मत. छापील ग्रंथावरून कोणी मागाहून शुद्ध करून नागरींत उतरविली, असें दुसरें मत. शांताराम बंडेलू यांची नागरी आवृत्ति १९५६ त पुण्यास निघाली, कारिदाद द्रागो यांची १९९६ त मुंबईस, आणि नेल्सन फल्काव यांची सार्थ आवृत्ति २००९ त.

मार्सडन प्रतीच्या वादांत आम्हांस एक बाजू कोणीं फारशी तपासलेली दिसली नाहीं. नागरी प्रत मूळची असो वा मागाहूनची, ती वाचणारा कोण होता? साष्टीच्या शाळेंत मुलांस रोमन अक्षरें शिकवीत. नागरीचा वाचक म्हणजे एक तर गांवकीचें दप्तर संभाळणारा जुन्या वळणाचा नवख्रिस्ती, नाहीं तर मंडळीबाहेरचा जिज्ञासु. पहिलें खरें असल्यास साष्टींत दोन लिप्यांच्या दोन श्रोतृमंडळ्या होत्या असें होईल. दुसरें खरें असल्यास पुराण नदी ओलांडून गेलें होतें असें मानावें लागेल. याचा निर्णय ओव्यांच्या पाठभेदांनीं होणार नाहीं. तो प्रतींच्या कागदावरून, बांधणीवरून, समासांतील खुणांवरून आणि आरंभीं-अखेरीस लेखनिकांनीं केलेल्या नोंदींवरून होईल. गोव्यांतील व मंगळुराकडील ज्या घरांत अशा वह्या अद्याप पेटींत असतील, त्यांनीं त्या अभ्यासकांस दाखवाव्या. आणि संपादकांनीं पुढील आवृत्तींत पाठाबरोबर या नोंदीही छापाव्या, एवढी आमची विनंती आहे.